दाजींच्या दोन रिंगा

चार बायका एका स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं बसल्या की किस्से साठतातच. एक सांगितला की त्याला धरून दुसरा येतो, आणि आमच्या नगरकडच्या कर्जतच्या शाळेत तर निम्मे किस्से एकट्या दाजींचे! दाजी म्हणजे लताबाईंचे यजमान, पंचायत समितीत क्लार्क. बायकोला एकटीनं एस्टीत बसू द्यायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. "बाईमाणसाला प्रवास कळत न्हाई," असं स्वतःच्या अंगणापलीकडचं काही न कळणारा हा माणूस म्हणायचा!

* * *

नगरला शिक्षकांची मीटिंग होती. लताबाई आत, दाजी दाराबाहेर खुर्ची टाकून, मांडीवर बायकोची पर्स घेऊन बसलेले. साहेबांनी विचारलं, "हे कोणत्या शाळेचे?"

लताबाई कानकोंड्या झाल्या. "माझे मिस्टर आहेत."

"मग हजेरीला सही घ्या की त्यांची! एवढं मन लावून आमच्यातलं कुणी बसत नाही!"

आम्ही हसलो. लताबाईंचा चेहरा मात्र उतरला. मला त्या दिवशी दाजींचा खरंच राग आला.

* * *

त्याच मीटिंगहून परततानाची गोष्ट. स्टँडवर गाडी लागली, तसा दाजींनी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला. जागा धरली ना, मग गाडी कुठली का असेना!

लताबाई म्हणाल्या, "अहो, पाटी जामखेडची हाय."

"तू गप. गर्दी बघ, आपलीच मानसं हायेत."

दोघं जामखेडला उतरली. कर्जत राहिलं बाजूला! दाजी तिथल्या स्टँडवर बायकोवरच खेकसले, "तू बरोबर नसतीस ना, तर मी नीट पाटी वाचली असती!"

* * *

मग निघाले उन्हाळी बी.एड.चे वर्ग पुण्याला. बी.एड. केलं तर लताबाई पर्यवेक्षिका होणार, नाही तर त्यांच्या मागून आलेली बाई डोक्यावर बसणार. दाजींना रजा मिळेना, आणि एकटीला सोडायला ते तयार होईनात. "नोकरी हाय ती काय कमी हाय?" म्हणे! लताबाई स्टाफरूममध्ये रडल्या.

सोडवलं कुणी? टेलिफोननं! बरीच वर्षं नंबर लावून ठेवलेला फोन नेमका तेव्हा दाजींच्या घरी बसला, आणि पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ तर गल्लोगल्ली झालेलेच होते. मीच दाजींना म्हटलं, "आता कसली भीती? पोचली की फोन करील."

दाजींनी लगेच कायदा केला. "दोन रिंगा द्यायच्या आन् कट करायचा. म्हंजी पोचली. इकडं फोन कुनी उचलायचा न्हाई. फुकट बिल कशाला?"

पहिल्याच दिवशी वाटेतल्या भिगवणहून रिंग वाजली. वाजते ना वाजते तोच दाजींनी झडप घातली, "हॅलो! पोचलीस का?"

पुण्याहूनही तेच. लताबाई वैतागल्या, "अहो, उचलायचा नव्हता ना?"

"उचलल्याबिगर मला कसं कळनार तूच हायेस ते?"

घ्या! कायदा यांचा, आणि मोडणारेही हेच.

* * *

लताबाई मात्र बदलल्या. एकदा येताना गाडी मध्येच बंद पडली. पूर्वी त्या पदर तोंडाला लावून बसल्या असत्या. आता उतरल्या, ढाब्यावर बूथ शोधला, घरी उशीर होईल असं कळवलं, वर डेपोला फोन लावून दुसरी गाडी मागवली. तोवर गाडीतले मिशीवाले बाप्ये लाइनीत उभे! "ताई, तेवढं आमच्याबी घरी कळवता का?"

हे सांगताना लताबाईंचा चेहरा असा काही खुलला होता! आम्हाला लई बरं वाटलं.

* * *

बी.एड. झालं, लताबाई पर्यवेक्षिका झाल्या. पेढे खायला आम्ही त्यांच्या घरी जमलो, तर दाजी नव्हते. ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलेले. जन्मात पहिल्यांदा एकटे! निघताना बजावून गेले होते, "दोन रिंगा वाजतील. पोचलो समजायचं. उचलायचा न्हाई!"

चहा होतोय तोच फोन वाजला. एक रिंग, दोन रिंगा.

"पोचले," लताबाई म्हणाल्या आणि कपात चहा ओतू लागल्या.

फोन वाजतच राहिला. थांबला, पुन्हा सुरू झाला. मी म्हटलं, "अहो, उचला की! काही अडलं असेल."

"उचलायचा न्हाई, असं सांगून गेलेत. पेढा घ्या."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दाजी स्टँडवर उतरले, रुमालानं घाम पुसत. आम्ही सगळ्या तिथंच उभ्या होतो. लताबाईंनी गाडीची पाटी वाचली. पुण्याची नव्हे, जामखेड-कर्जत!

दाजी तोंड उघडणार, तेवढ्यात लताबाई म्हणाल्या, "अहो, पण मी तर बरोबर नव्हते!"