गळकाठीचा जोड

अर्जदार : मी, पनवेलच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा, शिक्षण नववी, अनुभव त्याहून पुष्कळ.
सामनेवाला : माझा जुना शेजारी व मासेमारीतला सोबती, हल्ली मुक्काम इस्रायल, मुलाकडे.
वादविषय : त्याची दोन तुकड्यांची बांबूची गळकाठी.
तारीख : यंदाच्या गणपतीनंतरचा रविवार.
साक्षीदार : माझी पत्नी.

हकीगत अशी की, आम्ही दोघे सुटीच्या दिवशी गाढी नदीच्या काठी गळ टाकून बसत असू. खवले नसलेला मासा त्याच्या धर्मात चालत नाही. त्यामुळे शिंगाळा लागला की तो माझ्या पिशवीत टाकून म्हणे, "घ्या वकीलसाहेब, तुमची फी!" देश सोडताना त्याने काठी माझ्या हाती दिली. "वापरत राहा. पुढच्या खेपेला घेऊन जाईन."

काठीचे दोन तुकडे पितळी नळीत बसतात. ती नळी झिजली आणि उपरोक्त रविवारी मासा ओढताना वरचा तुकडा निसटला.

प्रथम मी झटपट चिकटणारा गोंद लावला. तो कडक होतो, परंतु वाकणे सोसत नाही. काठीला बाक येताच जोड कट्‌कन सुटला. मग दोन नळ्यांतून समभाग घेऊन कालवायचा गोंद आणला. हा धरला की जन्माचा धरतो. मला तोच पसंत होता. अर्जातही 'कायमस्वरूपी' हा शब्द मी आवर्जून घालतो.

कालवायला बसलो, तोच पत्नी म्हणाली, "अहो, भावोजी न्यायला आले तर एवढी लांब काठी विमानात कुठे उभी करतील?"

"मग काय, सैलच ठेवू?"

"सोनार दागिन्यात भरतो ती लाख भरा. तापवली की सुटते."

सूचना रास्त होती. मात्र लाख उन्हाने मऊ पडते, वरचेवर भरावी लागते. ही खटपट तो येणार असेल तरच करायची. फोनवर विचारले तर म्हणतो, "बघू." कचेरीच्या दारात वय गेलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ कोणी सांगायला नको. तरीही फोन ठेवण्यापूर्वी त्याने विचारले, "गाढीला पाणी किती आहे?" त्या एका प्रश्नावर मी तूर्त लाखच भरली आहे. दुसरा गोंद फळीवर आहे.

सबब विनंती की, आपण येणार किंवा नाही, याचा स्पष्ट खुलासा व्हावा. तसेच, दरम्यान खवल्यांचा मासा लागल्यास आपला वाटा कोणाच्या पिशवीत टाकावा, हेही कळवावे.