हरलेल्याच्या घरचा चहा

बातमी आणली ती महादेवनं. हिंगणा रोडवरच्या माझ्या वर्कशॉपसमोर त्यानं लुना उभी केली आणि आत न येता तिथूनच म्हणाला, "दिगांबर, देवघरे साहेब गेले गा. पहाटे." माझ्या हातात कोणाच्या तरी विहिरीवरच्या पंपाचा दांडा होता. तो मी खाली ठेवला, हात पुसले आणि त्याच्या मागे बसलो. धंतोलीत साहेबांच्या फाटकाशी उतरताना एकदम मनात आलं, की मला इथवर घेऊन आलेल्या याच माणसाला कामावर ठेवण्यासाठी साहेबांनी माझी नोकरी घालवली होती. आणि आता आम्ही दोघं त्यांच्या दारात एकाच रुमालानं डोळे पुसत उभे होतो... माझा रुमाल ग्रीसनं माखलेला होता, म्हणून त्याचा.

मधुकरराव देवघरे वकील होते, पण काळ्या कोटात मी त्यांना फार कमी पाहिलं. त्यांचं खरं काम लवादाचं. बांधकामाची भांडणं आणि नोकरीची भांडणं, एवढीच ते घेत. घरमालक आणि ठेकेदार यांचं फाटलं, किंवा कारखाना आणि युनियन यांचं अडलं, की दोन्ही बाजू मिळून त्यांचं नाव घ्यायच्या आणि त्यांचा निवाडा मान्य करू असं लिहून द्यायच्या. बैठकीला ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येत. मॅनेजरच्या केबिनमधला चहा नाही आणि युनियनच्या टपरीवरचाही नाही. प्रकरण चालू असताना कोणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही. अर्ध्या नागपूरचं काही ना काही त्यांच्याकडे चालू असायचं, त्यामुळे काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, वाट्याला लग्नंच येत नसत. "आमच्या घरी पाहुणा येत नाही, भांडण येते," असं काकू म्हणायच्या आणि येईल त्या भांडणाला पाणी द्यायच्या.

त्यांच्या पद्धतीबद्दल गांधीबागेतली एक गोष्ट सांगतात. एका कापडवाल्यानं दुकानावर माळा बांधून घेतला आणि ठेकेदारानं जिना इतका उभा केला, की चढताना गुडघा हनुवटीला लागावा. मालक म्हणे जिना पाडा, ठेकेदार म्हणे तुम्हीच खाली जागा सोडू दिली नाही. कागद दोघांकडे भरपूर होते. देवघरे साहेबांनी कागद बाजूला ठेवले, दोघांच्या खांद्यावर कापडाचे तागे दिले आणि म्हणाले, चढा. दोघंही पोटानं सुखवस्तू. वर गेले, खाली आले. साहेब म्हणाले, पुन्हा. दुसऱ्यांदा खाली येताना ठेकेदार मधल्या पायरीवर बसला आणि म्हणाला की वळण देऊन जिना लांबवता येईल, पण गल्ल्याची जागा मागे सरकवावी लागेल. मालक वरून धापा टाकत म्हणाला, सरकव. निवाडा लिहायची वेळच आली नाही. मी साहेबांना विचारलं होतं, हे खरं आहे का? ते म्हणाले, "तागे हलके होते. लोक वाढवून सांगतात."

आता माझं प्रकरण. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. हिंगण्याच्या एका कारखान्यात, जिथं शेतीचे पंप बनत, मी लेथवर टर्नर होतो. आमच्या खात्यात आम्ही दोघं टर्नर, मी आणि महादेव. कंपनीनं नवं मशीन आणलं आणि सांगितलं, आता एकच माणूस लागेल. शेवटी आलेला आधी जाईल, हा नियम सगळ्यांना मान्य होता. प्रश्न एवढाच होता, की आमच्यात शेवटी कोण आलं? हजेरीपटावर माझं नाव महादेवच्या आधी लागलं होतं. पण महादेव त्याच्याही आधीपासून त्या आवारात होता. शेड उभी राहत होती तेव्हा तो ठेकेदाराकडे मजूर होता. पाया खणणाऱ्यांत तो, फरशी घालणाऱ्यांत तो. शेड झाली, ठेकेदार गेला, महादेव मात्र हेल्पर म्हणून राहिला, लेथ शिकला आणि मग कधीतरी पटावर आला. त्याची ती मातीकामाची वर्षं धरायची की नाही, यावर युनियनचे दोन तुकडे झाले. एकाच टपरीवर चहा पिणारी माणसं दोन टपऱ्यांवर जाऊ लागली. माझं नुकतंच लग्न झालं होतं, मुलगी रांगत होती. कामावरून गेलो असतो तर खामल्याचं ते दोन खोल्यांचं बिऱ्हाडही गेलं असतं. शेवटी कंपनी, युनियन आणि आम्ही दोघं, सगळ्यांनी देवघरे वकिलांचं नाव मान्य केलं. मी तर हसत सही केली. हजेरीपट माझ्या बाजूनं होता.

पहिल्याच बैठकीत साहेबांनी एक अट सगळ्यांकडून कबूल करून घेतली. निवाडा सर्वांसमोर वाचायच्या आदल्या दिवशी ते हरणाऱ्याच्या घरी जाणार आणि त्याला एकट्याला सांगणार. हरलेल्या माणसाला ती गोष्ट चारचौघांत पहिल्यांदा कळू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही माना डोलावल्या. मनातून मला वाटलं, बिचारा महादेव!

मग एका संध्याकाळी आमच्या दारात सायकलरिक्षा थांबली आणि त्यातून देवघरे साहेब उतरले. त्यांना पाहताच मला ती अट आठवली. कुसुमला, माझ्या बायकोला, त्या अटीबद्दल मी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, एवढा मोठा माणूस घरी आला म्हणजे चांगलीच बातमी. तिनं घाईघाईनं खाटेवर चादर टाकली. साहेब बसले आणि त्यांच्या चपलेशी खेळणाऱ्या मुलीकडे पाहत म्हणाले, "दिगांबर, निर्णय तुझ्या विरोधात हाय. उद्या वाचीन. तुले आज सांगाले आलो."

कुसुम दारातच थांबली. तिला राग आला की ती हळू बोलते. "मंग आता इथं काहून आले जी तुम्ही? हेच सांगाले?"

"हो. अन् पाजत असशील तं चहा प्याले."

ती आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता, आणि तो पंप ती कोणाला मारते आहे हेही कळत होतं. मी साहेबांना म्हटलं, "पट म्हणजे पट, साहेब. कायदा माह्या बाजूनं हाय." ते म्हणाले, "तुझं म्हणणं कायद्यात बसते. त्याचंही बसते. म्हणूनच तं मले बोलावलं. ज्यानं ती शेड उभी केली, त्याले शेडमधे मागून आलेला कसा म्हणू?" मी म्हटलं, माझी पोर लहान आहे. त्यावर ते म्हणाले, "त्याच्या घरी खाणारे किती, तुझ्या घरी किती, हे मी पाहिलं नाही गा. पाहिलं असतं तं मी दयाळू झालो असतो. तुमाले दयाळू माणूस पाहिजे नव्हता." मला तेव्हा त्यांचा इतका राग आला, की त्यांच्या अंगाखालची चादर ओढून घ्यावी असं वाटलं. चहा आला. त्यांनी तो संपवला, कप स्वतः खाली ठेवला आणि उठताना म्हणाले, "एक वर्ष मी तुले काही मदत करणार नाही. केली तं लोक म्हणतील, वकिलानं भरपाई दिली. त्यानंतर मात्र येईन."

त्या चहात साखर नव्हती, हे कुसुमनं पुष्कळ वर्षांनी त्यांच्यासमोरच कबूल केलं. मुद्दामच घातली नव्हती. साहेब म्हणाले, "मले वाटलं, तुमच्या घरी असाच पितात. म्हणून पुढंही तसाच मागत आलो." आणि खरंच, आमच्याकडे ते कायम बिनसाखरेचाच चहा प्यायले. आपल्या घरी दोन चमचे घ्यायचे.

ते वर्ष कसं गेलं ते मी इथं लिहीत नाही. बिऱ्हाड लहान झालं, कुसुम शिवणकाम करू लागली, मी हिंगणा रोडला एका टिनाच्या छपराखाली पंप दुरुस्त करायला बसलो. कारखान्यात बनलेले पंप बिघडले की शेतकरी माझ्याकडे आणू लागले, कारण त्यातला निम्मा भाग माझ्याच हातून कधीतरी गेलेला होता. वर्ष सरलं आणि एका रविवारी साहेब आपली जुनी स्कूटर ढकलत आले. "हे पंप नाही, पण पाहून घे." मी ठरवलं होतं की हा माणूस आला तर ओळख दाखवायची नाही. पण स्कूटरची अवस्था अशी होती की मला राहवेना. ती सुरू झाली तेव्हा आम्ही दोघंही तेलानं काळे झालो होतो. तेव्हाच मी त्यांना पहिल्यांदा तोंडावर सांगितलं, "साहेब, निवाडा चुकला तुमचा." ते म्हणाले, "असू शकते. कुठं चुकला, सांग."

मग रविवार ठरूनच गेला. कधी ते वर्कशॉपवर, कधी मी धंतोलीत. मी दर वेळी नवा मुद्दा काढायचो. एकदा तर सावनेरहून परत येताना बसमध्ये एका वकिलानं मला एक जुना निकाल सांगितला, तो पाठ करत घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे म्हणून दाखवला. त्यांनी तो मन लावून ऐकला आणि म्हणाले, "हा मुद्दा चांगला हाय. तेव्हा कोणी मांडला असता तं मले अजून एक रात्र जागावी लागली असती." निवाडा फिरला असता असं मात्र त्यांनी कधीच म्हटलं नाही. मीही कधी मानलं नाही. आजही मानत नाही. मेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं म्हणतात, पण साहेबांना असलं चांगलं आवडलं नसतं. ते माझ्या बाबतीत चुकले. आणि मला आयुष्यात भेटलेला तो सर्वांत सरळ माणूस होता. या दोन्ही गोष्टी मला एकदम खऱ्या वाटतात, आणि हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो.

महादेवशी बोलणं मात्र लवकर सुरू झालं नाही. तो दिवाळीला यायचा, दाराशी उभा राहायचा, मी पंपात डोकं घालायचो. शेवटी साहेबांनीच विचारलं, "त्यानं तुले कधी काही केलं काय?" मी म्हटलं, नाही. "मंग राग माह्यावर ठेव. मी त्यासाठीच हाओ." तेव्हापासून महादेव आत येऊन बसू लागला.

गेल्या हिवाळ्यात साहेबांनी अंथरूण धरलं. त्याच सुमाराला त्या जुन्या कारखान्यात कंपनीच्या बसवरून वाद पेटला. बस शहराच्या आतल्या वस्त्यांतून फिरवायची की मोठ्या रस्त्यावरूनच, एवढाच प्रश्न. पण पहाटेच्या पाळीला आतून चालत येणाऱ्या माणसांसाठी तो मोठा होता. मॅनेजर आणि युनियन दोघं साहेबांकडे गेले. युनियनच्या वतीनं बोलणारा आता महादेवच आहे. साहेब पडल्यापडल्या म्हणाले, माझ्यानं होत नाही, दिगांबरला बसवा. मॅनेजर गडबडला. त्याला तर कंपनीनं काढलं होतं! साहेब म्हणाले, "कंपनीनं काढलं, युनियननं वाचवलं नाही. त्याचा दोघांवरही सारखाच राग हाय. एवढा तटस्थ माणूस तुमाले नागपुरात कुठं भेटन?" हे मला महादेवनं सांगितलं, साहेबांच्या तेराव्यानंतर. आणि दुसऱ्या दिवशी तो आणि मॅनेजर दोघं मिळून माझ्या टिनाखाली येऊन उभे राहिले.

मी वकील नाही, हे मी सांगून पाहिलं. त्याची गरज नाही म्हणाले. ज्या गेटमधून मान खाली घालून बाहेर पडलो होतो, त्याच गेटशी मी पुन्हा गेलो तेव्हा वॉचमननं विचारलं, "कंपनीकडून आले काय, युनियनकडून?" मी म्हटलं, दोघांनी बोलावलं. माझी लेथ तिथं आता नाही. तिची जागा दुसऱ्याच यंत्रानं घेतली आहे. बैठका कँटीनमध्ये झाल्या. दोन्हीकडून चहा पुढे आला, दोन्हीकडचा परत केला, आणि दुपारपर्यंत डोकं असं चढलं की साहेबांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले. दोन सकाळी मी अंधारातच उठून आतल्या वस्त्यांतून त्या माणसांबरोबर चालत गेलो. बसवाल्याबरोबरही बसलो. पुष्कळ विचार केला. विचारायला कोणी नव्हतं... रविवारी सवयीनं धंतोलीच्या वळणापर्यंत गेलो आणि परत आलो.

निर्णय लिहून झाला आहे. परवा दोन्ही बाजूंसमोर वाचायचा आहे. हा लेख छापून येईल तोवर तो सगळ्यांना कळलेला असेल, म्हणून इथं लिहायला हरकत नाही: तो युनियनच्या विरोधात आहे, बस मोठ्या रस्त्यावरूनच जाईल. म्हणजे उद्या संध्याकाळी मला महादेवच्या घरी जायचं आहे. कुसुमला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जा. अन् जसा देईन तसा पिजा." तो चहा देईल की नाही, मला माहीत नाही. निवाडा चुकला असं तो म्हणणार, हे नक्की. पुढच्या रविवारी त्यानं वर्कशॉपवर यावं आणि कुठं चुकला ते सांगावं. त्याच्या पुढच्या रविवारीही सांगावं. साहेबांना मी दहा वर्षं सांगत होतो.