मोराच्या अंगावर खवले

उद्घाटनाला आलेले साहेब म्हणाले, "कलेतून आत्म्याचं आत्म्याशी नातं जुळलं पाहिजे." मी समोर बसलेल्या बायांकडे पाहिलं. बाया चहाच्या किटलीकडे पाहत होत्या. मीही तिकडेच पाहत होते, खोटं कशाला बोलू? चिमूरहून पहाटेच्या एसटीनं निघालेली मी चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी करत मुलचेऱ्याला उतरले, तेव्हा माझा आत्मा कमरेत येऊन बसला होता.

माझं काम लगीनघराच्या भिंती रंगवायचं. आई रंगवायची, मी रंगवते. लग्न ठरलं की दाराच्या दोन्ही बाजूंना मोर, वर कळस, खाली हत्ती आणि मधे वेलबुट्टी. घरं सिमेंटची झाली, तरी लग्नाला मोर लागतोच. एका संस्थेनं ठरवलं, की हे मुलचेऱ्याजवळच्या एका बंगाली गावातल्या बायांना शिकवावं. त्यांचे म्हातारे फार वर्षांपूर्वी सीमेपलीकडून आलेले, सरकारनं इथं वसवलेले. शेतात धान, तळ्यात मासे, घरात बंगाली आणि बाजारात हिंदी-मराठीची खिचडी. त्यांची स्वतःची आलपना असते, भिजवलेल्या तांदळाच्या पिठानं जमिनीवर काढतात. मी संस्थेच्या माणसाला म्हटलं, "भाऊ, त्याईले येते ना सगळं, मले काऊन नेऊन राह्यले?" तो म्हणाला, देवाणघेवाण आहे. देवाण माझी होती एवढं कळलं.

पहिल्याच दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीची वाट लागली. मी कडुनिंबाची काडी चावून कुंचा कसा करायचा ते दाखवलं. बायांनी माना हलवल्या आणि आपल्या सवयीनं चिंधी पिठात बुडवून मुठीत धरली. मग ती दाबत करंगळीशेजारच्या बोटावरून धार सोडायला लागल्या. जमिनीवर ही धार रेशमासारखी चालते. भिंतीवर ती कोपरापर्यंत आली, मग ब्लाउजात गेली. वर उभं राहून काढायची सवय नाही, म्हणून सगळ्या उकिडव्या बसल्या आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरच काढायला लागल्या. मी म्हटलं, "मोर काय उंदराले दाखवाले काढून राह्यल्या का वो?" त्यांना अर्धं समजलं आणि त्या पूर्ण हसल्या.

एक बाई हसली नाही. ती भिंतीला नाक लावून मोराची मान घोटत होती. सुट्टीत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "दिदी, मेरेको मोर सिखाओ. एकदम तुमच्यावाला. मासा नको."

"मासा कोण सांगून राह्यलं?" मी म्हटलं.

तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगी बल्लारपूरला कामाला होती, तिथं तिची आमच्याकडच्या एका मुलाशी ओळख झाली. मुलाची आई गळ्यात तुळशीची माळ घालणारी, गावच्या भजनी मंडळातली, मांसमच्छी कधीची सोडलेली. साखरपुड्याला येऊन तिनं एकच प्रश्न विचारला होता, "पोट्टी मच्छीशिवाय राहीन का?" सगळे हसले.  या बाईनं मात्र ते असं धरलं, की मुलीच्या अंगाला माशाचा वास जरी आला तरी विहीण तिला घरात धड नांदू देणार नाही. म्हणून लग्नाच्या दिवशी विहीण दारात उभी राहिली, की तिला आपल्याच गावची भिंत दिसली पाहिजे. बास, एवढंच या बाईला पाहिजे होतं. मी आजवर किती बायांना मोर दाखवला असेल, पण मोरासाठी इतकी घाबरलेली बाई पाहिली नव्हती.

हात तिचा सोन्यासारखा होता. माझ्यापेक्षा चांगला म्हटलं तरी मला राग येणार नाही, थोडाच येईल. पण तिचा मोर मानेपर्यंत मोर असायचा. मानेखाली त्याला खवले फुटायचे, पिसारा मागे दुभंगून शेपूट व्हायचा. त्यांच्या लग्नात मासा शुभ. नवऱ्याच्या घरी नटवून पाठवतात, चौरंगाभोवती काढतात. तिच्या आईनं बोट धरून पहिल्यांदा गिरवला तो मासाच. ती पुसायची, पुन्हा काढायची, पुन्हा खवले.

"बाई, हा उडते का पोहते?" मी विचारायची.

"नाही होत दिदी," ती म्हणायची आणि डोळे पुसताना गालाला गेरू लावून घ्यायची. जित्याची खोड म्हणतात ती बोटात असते, हे मला तिथं कळलं.

संध्याकाळी तिनं मला जेवायला नेलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं, बंगाल्याच्या घरी जेवण म्हणजे काय ते सांगायला नको. ताटात आलं वांगं. दुसऱ्या दिवशीही वांगं. समोर नवरी मुलगी वांग्याकडे असं पाहत होती, जसं काही ते तिच्या सासरचं माणूस आहे. मुलीला सवय व्हावी म्हणून साखरपुड्यापासून त्या घरात मासा शिजला नव्हता. मी म्हटलं, "वो बाई, लग्न पोट्टीचं हाये, माहं नाई. मले काऊन शिक्षा?" ती कितीतरी वेळानं हसली. तिसऱ्या दिवशी मुलगी बाहेर गेल्यावर तिनं मागचं दार लावलं आणि मला रोहूचा रस्सा वाढला. स्वतः खाल्ला नाही. मी तिच्या वाट्याचाही खाल्ला.

त्याच मागच्या अंगणात तिनं मला आलपना शिकवली. माझे गुडघे कडाकडा बोलले. माझ्या कमळाकडे पाहून ती म्हणाली, "कोबी अच्छा है." मग सकाळी भिंतीवर मी तिला मोर शिकवायची आणि दुपारी जमिनीवर ती मला कमळ. मोराला खवले येत राहिले, कमळाचा कोबी होत राहिला. साहेब काय म्हणाले होते ते मला आठवत नव्हतं. ती बाई मला आवडली होती, सरळ सांगते.

वर्ग संपल्यावर तिच्या घरची भिंत आम्ही दोघींनी रंगवली. हत्ती, कळस माझे. मोर तिचेच, ती मला हात लावू देईना. लांबून पाहिलं तर मोरच वाटत होते. दाराच्या उजव्या अंगाला मी पंज्याएवढी जागा कोरी ठेवली आणि तिला बजावलं, ही विहिणीची जागा. आमच्याकडे नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्याची आई येते, आत पाय टाकायच्या आधी भिंतीवर हळदीची पाच बोटं उठवते. इथं काही काढायचं नाही. ती हो म्हणाली.

लग्नाच्या दिवशी मी पोचले तर त्या जागेवर मासा. मोराचं सोंग वगैरे काही नाही. चांगला भरलेला, डोळे वटारलेला, शेपूट उडवणारा मासा.

"बाई, हे काय हो?"

"सकाळी दिवा लावला, दिदी," ती रडवेली होऊन म्हणाली. "जागा खाली दिसली. खाली जागा चांगली नाही ना लग्नात. हात आपोआप गेला."

वरात वळणावर आली होती. वर गेरू फासावा, तर ओला रंग विहिणीच्या हाताला लागणार. बदक आहे असं सांगावं का, हाही विचार मी केला. तेवढ्यात बँडवाले अंगणात शिरले.

विहीण पुढे आली. हातात हळदीची वाटी, गळ्यात माळ. ती भिंतीसमोर थांबली आणि एकेक गोष्ट पाहायला लागली, बाजारात वांगी पाहावीत तशी.

"मोर भला हाये," ती म्हणाली. "खवले काऊन हायेत त्याले?"

 माझ्या शेजारी बाईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली.

विहिणीनं दाराच्या उजव्या बाजूला पाहिलं. "माही जागा इथी असाले पाहिजे ना?"

"हव," मी म्हटलं.

"इथी त कोणी बसून हाये."

तिनं पाचही बोटं हळदीत बुडवली आणि माशाच्या पाठीवर दाबून ठेवली. हात काढला तेव्हा मासा पिवळा झाला होता.

"नवऱ्याची उष्टी हळद हाये ही," ती म्हणाली. "जिले लागली, ते घरची झाली. मी नाई खात. पण म्या विचारलं होतं ना, पोट्टी मच्छीशिवाय राहीन का म्हणून? तुमी कोणीच काही बोलले नाई. मंग म्या मांगच्या पडवीत दुसरी चूल घालून घेतली. तिची तिनं शिजवावं."

आतून नवरी मुलगी बंगालीत काहीतरी ओरडली. मला बंगाली येत नाही, पण त्यात वांगं होतं एवढं नक्की.

बाईला विहिणीची भाषा नीट कळली नव्हती. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. "क्या बोली, दिदी? क्या बोली?"

 मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "तेरी बेटी के लिये अलग चूल्हा बनाया है. मच्छी के लिये."

ती उभी होती तिथंच, उंबऱ्यापुढच्या तिच्या ओल्या आलपनेवर, बसकण मारून रडायला लागली. मग मीही गुडघ्यांचा विचार न करता तिच्याजवळ बसले. लग्न लागेपर्यंत नव्या साड्यांच्या मागे पिठाची कमळं घेऊन आम्ही दोघी मांडवभर फिरत होतो आणि आम्हाला कोणी काही बोललं नाही.