नकाशातला कोरा कोपरा

नळाचं पाणी भरून झालं होतं, स्टोव्हवर दूध तापत होतं आणि मी फुटपट्टीने लाटा मोजत बसले होते. याला पन्नासेक वर्षं झाली. हे नगरच्या कॉलेजात शिकवायचे. रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींच्या कागदी पट्ट्या यांच्या संशोधनासाठी पार्सलने घरी यायच्या. त्यांवरच्या लाटांची उंची मोजून आम्ही आलेखाच्या कागदावर आकडे मांडायचो, सारखे आकडे रेषेने जोडायचो. त्यातून आकाशातल्या हायड्रोजनच्या ढगाचं चित्र उमटायचं.

हे अचानक गेले. उरलेल्या पट्ट्या मी एकटीने पुऱ्या केल्या.

आज ते चित्र प्रदर्शनात दिसलं. उजवा कोपरा कोरा. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "आजी, तिथली निरीक्षणं झालीच नव्हती."

तुम्हाला सांगते, झाली होती. तेराव्यानंतर, पट्ट्या पाठवणारे यांचे साहेब कागद न्यायला आले. तो कोपरा मी केलाय म्हटल्यावर हसले.

"वहिनी, हे पापड लाटण्याइतकं सोपं नसतं!"

आणि माझ्यादेखत त्यांनी खोडरबराने कोपरा पुसला. एक आकडासुद्धा तपासला नाही. मला हे काम शिकवणाऱ्या यांचाही त्यांनी मान राखला नाही.

तुम्ही काय केलं असतं?

मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात नाव घातलं आणि खगोलशास्त्राचं पुस्तक घरी आणलं.