नवाचा ताळा

आप्पांना मोबाईलमध्ये नावं साठवलेली चालायची नाहीत. "नंबर डोक्यात पायजे," म्हणायचे. पालीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. दहा आकडी संख्या म्हणजे किस झाड की पत्ती! नंबरातले आकडे मिळवत जायचे, एकच उरेपर्यंत. तो ताळा. नंबराला नऊनं भागल्यावर उरणारी बाकी म्हणजेच तो. प्रत्येकाचा नंबर ते ताळ्यासकट लक्षात ठेवायचे. माझा पाच. लग्न होऊन मी बीडला आले तरी "आमची पाचवाली" म्हणूनच ओळख करून द्यायचे. मला लई आवडायचं ते.

आई गेली त्या दुपारी घरातला मोबाईल नेमका बंद पडलेला. आईच्या छातीत कळ आली, आप्पा शेजारी धावले आणि शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून माझा नंबर लावला. बंद. नंबर बरोबर हाय ना, म्हणून त्यांनी ताळा करून पाहिला. पाच आला. मग तोच नंबर लावत राहिले. इकडे आमची गाडी दारात उभी होती, मी घरातच होते. बीडहून पाली ते काय लांब आहे? शेवटी कुणाच्या तरी टेम्पोतून आईला दवाखान्यात आणलं, तोवर सगळं संपलं होतं.

भेटायला येईल त्याला आप्पा सांगायचे, "पोरीचा फोन बंद व्हता." बायका माझ्याकडे बघायच्या. अहो, चालू होता माझा फोन! घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं मी. ऐकतंय कोण? मास्तर कशाला खोटं बोलतील!

तेराव्यानंतर पुन्हा गेले ती भांडायच्या तयारीनंच. "म्हणा बरं माझा नंबर," मी म्हटलं.

आप्पांनी डोळे मिटून दोन-दोन आकडे घडाघडा म्हटले. मधे माझे सत्तेचाळीस आहेत. ते चौऱ्याहत्तर म्हणाले. वर म्हणाले, "ताळा पाच. चुकंल कसा?"

आकड्यांच्या जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते. दोन्ही संख्यांमधल्या फरकाला नऊनं भाग जातोच, म्हणून ही चूक ताळ्यात सापडत नाही. शाळेत हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी नुसतं "सत्तेचाळीस" म्हणाले असते, तरी पुढचं सगळं त्यांना तिथल्या तिथं कळलं असतं.

शब्द अगदी ओठांवर आला होता. इतके दिवस नसतं पाप माझ्या माथी मारलं, चीड काय कमी होती? पण समोर दाढी वाढलेला, वाळून गेलेला माझा बाप आईच्या खाटेवर बसला होता. आपण करायचं ते केलं, एवढ्या एकाच गोष्टीवर तग धरून होता. ती कशी काढून घेऊ?

"आप्पा, त्या दिवशी बंदच होता माझा फोन," मी म्हणाले.

ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"मग आता कशापायी आलीस?"