उशिरा आलेला आमेन

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तसा कधीच नव्हता. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात वडाखाली कुणी दिसलं, विहिरीवर कुणी हाक मारली, असल्या गोष्टी रोज निघायच्या. मी तिथून उठून जायची. चमत्कारांचंही तेच... आम्ही ख्रिस्ती माणसं, देवाला मानतो. पण ऊठसूट कुणी ‘मला दर्शन झालं’ म्हटलं की मला त्याचा संशयच येतो.

तरीही हे लिहिते आहे, कारण आमच्या चर्चच्या मंडळीचे एक वडीलधारे, भास्करराव, हीच हकिकत गावोगावच्या सभांतून सांगत फिरतात. म्हणे, त्यांनी माझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना ठेवली आणि प्रभूनं उत्तर दिलं. साफ खोटं! त्यांनी ठेवली होती ती माझ्या नवऱ्याची मृत्युप्रार्थना.

माझे यजमान शांतवन मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. लढाई सुरू झाल्यावर ते मिलिटरीत कारकून म्हणून गेले. त्यांची पलटण होती ते सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि एक टेलिग्राम आला – बेपत्ता. एवढाच शब्द. मेले म्हणून नाही, जिवंत आहेत म्हणून नाही. त्यानंतर काहीच नाही. शाळेला कुलूप लागलं. मी निपाणीच्या कारखान्यात विड्या वळायला जाऊ लागले. तंबाखूची धूळ नाकातोंडात बसायची, रात्री श्वास लागायचा. प्रार्थनेला बसले की शब्द सुचेनासे झाले होते. खरं सांगायचं तर देवाचाच राग आला होता.

भास्कररावांना आमचं मिशननं दिलेलं क्वार्टर पुतण्यासाठी हवं होतं. मास्तर गेले असं एकदा मंडळीनं मानलं, की माझा त्या घरावर हक्क राहत नव्हता. दोन वेळा ते दारात येऊन बसले.

“बाई, किती दिवस असं धरून बसणार? देवाची इच्छा मान्य करायला शिका.”

“देवाची इच्छा तुम्हाला कुणी कळवली, आप्पा? मला तर टेलिग्रामात बेपत्ता एवढंच कळवलंय.”

ते उठून गेले. पण पुढच्या आठवड्यात देवळात – म्हणजे आमच्या चर्चमध्ये – जाहीर झालं, की येत्या रविवारी शांतवन मास्तरांची स्मरण-उपासना, म्हणजे तीच मृत्युप्रार्थना. आणि रविवार कुठला? तर आगमनकाळातला तिसरा! नाताळच्या आधीचे ते चार रविवार आमच्याकडे वाट बघण्याचे. येणाऱ्याची वाट बघण्याचे. त्याच दिवशी हे माझी वाट बंद करायला निघाले होते.

शेजारच्या पद्माक्का जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, “जाऊ नगंस गं तिथं. कशाला उगंच जीव जाळून घेतीस?”

“जाणार. माझ्या माणसाला मी नसताना मारतील ते.”

पांढरं लुगडं नेसले नाही, रोजचंच निळं नेसले. देवळात बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं बसायचे. मी सरळ उजवीकडं गेले. सगळ्यात मागं खिडकीलगत मास्तरांचा बाक होता, त्यावर बसले. भास्करराव तरातरा आले.

“ही पुरुषांची बाजू हाय.”

“ही माझ्या माणसाची जागा हाय. ते येईपर्यंत मी राखणार.”

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. लख्ख ऊन होतं. मंडळी थोडीच, चौदा-पंधरा माणसं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, नवे आणि तरुण होते. माझ्याकडं बघून ते गडबडले असावेत. स्मरणाचं सुरू करण्याआधी त्यांनी आगमनकाळाची प्रार्थना केली – जे कुणी वाट बघत आहेत, त्यांची वाट रिकामी जाऊ देऊ नकोस, प्रभू.

सगळे आमेन म्हणाले. मी म्हटलं नाही. माझे दात आवळलेले होते.

मग सगळं शांत झालं... आणि माझ्या अगदी शेजारून आवाज आला.

“आऽऽमेन.”

मास्तरांची एक खोड होती. सगळ्यांचं आमेन होऊन गेल्यावर, चार श्वास जाऊ देऊन, मग ते एकटे आमेन म्हणायचे. शाळेतली पोरं त्यावरून हसायची. ते म्हणायचे, “प्रार्थना आधी माझ्या मनात पुरी होऊ दे, मग मी सही करतो.” तोच आवाज, तेच ‘आ’ लांबवणं.

मी वळून पाहिलं. माझ्याशिवाय बाक रिकामा. पुढची सगळी मंडळी मागं वळली होती. भास्कररावांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. पाळकसाहेबांनी समोरचं मृत्यूच्या नोंदींचं रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, “आज एवढंच.” स्मरण झालंच नाही.

मी बाहेर आले. पायरीजवळ पद्माक्का उभ्या होत्या. मी रडत परत येईन म्हणून न्यायला आल्या होत्या. आत काय चाललंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला बघितलं तशा हसून म्हणाल्या –

“मास्तर कवा आलतं गं? आत्ता आवाज ऐकला त्यांचा. सांगितलं न्हाईस!”

त्या दिवशी मी पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवले. राग गेला नाही, पण माझ्यातलं काहीतरी जे संपत आलं होतं, ते पुन्हा उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडून शाळेची किल्ली मागून घेतली. विड्या वळणाऱ्या बायकांची पोरं गोळा केली आणि संध्याकाळी अक्षरं शिकवायला लागले. वाट बघायची तर बसून कशाला बघायची? त्या वर्षी नाताळला मी वेगळं काही मागितलं नाही. नुसती गुडघ्यांवर बसले, आणि शब्द आपोआप आले.

लढाई संपल्यावर मास्तर आले. भर दुपारी, कोल्हापूरच्या मोटारीतून. वाळून काटकी झालेले. जपान्यांच्या कैदेत होते. बरेच दिवस मी विचारलं नाही. मग एकदा सगळं सांगितलं आणि विचारलं, “त्या रविवारी तुम्ही तिथं प्रार्थना करत होता का?”



“न्हाई. त्या वर्षी मी प्रार्थना सोडलीच होती. शेजारची माणसं रोज मरत होती. आमेन म्हणावं असं काय उरलंच नव्हतं.”

मग तो आवाज कुणाचा? मास्तर म्हणतात, “तू लई दमली होतीस.” मला याचाही राग येतो! मी दमले होते हे कबूल. पण पद्माक्का दमल्या नव्हत्या. पाळकसाहेब दमले नव्हते. आणि भास्करराव तर मुळीच दमले नव्हते, घर मिळणार म्हणून ते खुशीत होते. तेवढ्या सगळ्यांना एकाच क्षणी एकच भास कसा होईल?

मला उत्तर सापडलेलं नाही. ज्याला माहीत असेल त्यानं जरूर लिहावं. पण ‘बाई, मनाचे खेळ’ एवढंच लिहायचं असेल, तर शाई वाया घालवू नये.