एका कोळंबीचा विटाळ

अर्धांगाचा झटका आल्यावर अप्पांनी एकच हट्ट धरला: समुद्रातला जिवंत मासा पाहायचा. त्यांची सारी नोकरी नागपट्टिणमच्या बंदरात गेली होती. आता तंजावरच्या आमच्या मराठी घरात त्यांना खाटेवरून अंगणापर्यंत नेणंही कठीण होतं, आणि पोंगलपर्यंतचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. म्हणून समुद्रच घरी आणायचं मी ठरवलं.

देशाचा बाजार परदेशी मालाला नुकताच खुला झाला होता. मद्रासच्या दुकानात परदेशी मीठ, पंप, पाणी तपासायच्या बाटल्या मिळू लागल्या होत्या. काचेची टाकी आणून अप्पांच्या खाटेसमोर मांडली, धुऊन वाळवलेले प्रवाळाचे दगड रचले. सोबतच्या पुस्तकात साफ लिहिलं होतं: मासे आणण्याआधी एक कच्ची कोळंबी पाण्यात कुजू द्या. त्यातून विषारी अमोनिया होतो, तो खाणारे जिवाणू दगडांवर वाढतात आणि पाच-सहा आठवड्यांनी पाणी माशांना राहण्याजोगं होतं.

कोळंबी! आणि आमच्या घरात, जिथे आई अजून सोवळ्यात रांधते! ते पान मी तिला दाखवलंच नाही. चार आठवडे नुसतं मिठाचं पाणी फिरत ठेवलं. रोज तपासायचो, अमोनिया शून्य. माझी छाती फुगायची. काही कुजलंच नव्हतं तर अमोनिया येणार कुठून, हे काही डोक्यात शिरलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मद्रासहून बसने दोन नारिंगी मासे आणले. अप्पा उशीला टेकून दिवसभर पाहत बसायचे. चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि पाचव्या दिवशी सकाळी दोन्ही मेलेले दिसले. अप्पांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"काय चुकलं रे?" आईने विचारलं. मग मला ते पान तिला सांगावंच लागलं: माशांच्या घाणीतूनही अमोनिया होतो, आणि तो खाणारे जिवाणू आमच्या दगडांवर वाढलेच नव्हते.

"हे तुज आधी ठाऊक होतं?"

"होय. तू नको म्हणशील म्हणून..."

"मी नको म्हणेन हे तुज कोणे सांगटलं? मज विचारलंस काय?"

तिचा नकार मीच परस्पर देऊन टाकला होता, आणि वर त्यालाच तिचा मान राखणं समजत होतो. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी साठी उलटलेली ही बाई जन्मात पहिल्यांदा मासळीबाजारात गेली. केळीच्या पानाची पुडी घेऊन आली, कोळंबी स्वतःच्या हाताने पाण्यात, दगडांच्या मागे सोडली आणि डोक्यावरून नहाली. अप्पा झोपले होते.

घरात घाण वास सुटला. तपासणीच्या नळीतलं पाणी पिवळ्याचं गर्द हिरवं झालं, म्हणजे अमोनिया चढला. आई रोज विचारायची, "आज रंग काय?" अप्पांचा आवाज दिवसेंदिवस खोल जात होता. तिसऱ्या आठवड्यात माझा धीर सुटला, जातो मद्रासला मासे आणायला, म्हणालो. ती म्हणाली, "अजून हिरवं आहे की. पुन्हा मेलेले मासे त्यांस दाखवणार काय?" मी थांबलो. सहाव्या आठवड्यात नळीतलं पाणी पुन्हा पिवळं झालं, सगळं विष उतरलं.

नवे मासे जगले. आठवड्याने अप्पांनी अडखळत विचारलं, या वेळी पाण्यात काय घातलंस? मी सांगितलं, आणि कोणी घातलं तेही. आई दारातच उभी होती.

अप्पांना हसू फुटलं, अर्ध्याच तोंडाने. "तीस वर्षं," ते म्हणाले, "बंदराचा वास येतो म्हणून... नहाल्यावाचून हिने मज घरात घेतलं नाही." हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आईने जवळ जाऊन पदराने त्यांचं तोंड पुसलं.

"मासे पाहा," ती म्हणाली. "मज काय पाहता?"

अप्पा तिच्याकडेच पाहत राहिले.